सरळ केलेला खांब

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा आमच्या साइटवर भंडाऱ्याकडचा एक मिस्त्री होता. वाकलेले लोखंडी खांब तो गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ करी. लोखंडाशी तो लाडाने बोले, माणसांवर मात्र खेकसे. घाई केली की म्हणे, "तुले जमते तं तूच कर!"

एका दुपारी क्रेनचा दोर तुटला आणि उचललेला खांब साइटवरच मजुरी करणाऱ्या मिस्त्रीच्या धाकट्या भावावर पडला. भावाचा पाय कापावा लागला. पुढे ठेकेदाराने पडताना वाकलेला तोच खांब मिस्त्रीपुढे आणून टाकला.

मी म्हणालो, "दादा, नाही म्हणा."

"मी नाही म्हटलं तं दुसरा करन. मंग दोघं भाऊ घरी बसू काय?"

दिवसभर तो खाली मान घालून खांब तापवत राहिला. मला त्याच्याकडे पाहवेना. खांब सरळ झाला तसा ठेकेदार खूश झाला. तेव्हा मिस्त्रीने हात जोडले. "साहेब, भावाले बसल्या जागचं काही काम द्या."

खांबावर थाप मारत ठेकेदार म्हणाला, "लंगडे का यहाँ क्या काम?"

मिस्त्रीने गॅस बंद केला. क्रेनने खांब उचलला. वर पाहत तो मला म्हणाला, "भाऊ लोखंडाचा असता तं ठेवून घेतला असता यायनं."