फळ्यावरचा असंयम

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी रत्नागिरीकडची, नवऱ्याच्या नोकरीपायी थेट धुळ्यात येऊन पडलेली. सातवीत शाळा सुटली, तरी देवपुरातल्या एका फार्मसी कॉलेजात मला बाटल्या धुण्याचं, टेबलं पुसण्याचं काम मिळालं. तेही हंगामी. कुणी नुसतं "मावशी, जरा या" म्हटलं तरी वाटायचं, झालं, आता काढणार.

आणि त्यात माझं ते. धाकट्याच्या बाळंतपणानंतर शिंक आली, खोकला आला, पाण्याचा मोठा कॅन उचलला, की लघवी जायची. आत फडक्याची घडी, वरून गडद साडी. कुणाला वास येत असेल का, एवढ्या एका विचारात दिवस जायचा. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

एकदा मॅडमनी मुलांना औषधाच्या दुकानात आलेल्या पेशंटशी कसं बोलायचं ते शिकवायला घेतलं. फळ्यावर लिहिलं, 'मूत्र-असंयम'. मी दाराशी उभी होते. वाचलं आणि कानशिलं तापली. असंयमी म्हणजे ज्याचा मनावर ताबा नाही तो, एवढं मलाही कळत होतं. म्हणजे दोष आपलाच, आणि तो पुस्तकातसुद्धा आहे!

"मावशी, या, तुम्ही पेशंट व्हा. तुम्हाला हा त्रास आहे असं धरून चालू," मॅडम म्हणाल्या.

यांना कळलं की काय? कशीबशी खुर्चीत बसले. फैजपूरचा एक मुलगा टेबलामागे दुकानदार होऊन उभा राहिला. "आपणास मूत्र-असंयम आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

वर्ग खिदळला. "मावशी, हो म्हणा ना! गिऱ्हाईक पळवता का त्याचं?"

दुसऱ्याने विचारलं, "अंगावर जातं का?" बायका पांढरं जाण्याला तसं म्हणतात. त्यालाही मी नाही म्हटलं. "मग तुम्ही ठणठणीत आहात, घरी जा," तो म्हणाला. पुन्हा हशा.

मग मॅडमनी शिंदखेड्याकडच्या एका मुलीला उठवलं. ती टेबलामागे उभी राहिलीच नाही. माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मावशी, खोकला उना म्हंजे लुगडं बदलनं पडस का?"

खोकला आला की लुगडं बदलावं लागतं का, एवढी अहिराणी मला कळायला लागली होती. नाटक चाललंय हेच मी विसरले. "दिवसातून दोनदा," मी म्हटलं. "फडकं तर चारदा."

"वा मावशी, काय ॲक्टिंग!" मागून टाळी पडली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी डस्टर घेऊन फळा पुसला. "पाहिलंत? हिने रोगाचं नाव नाही विचारलं, दिवस कसा जातो ते विचारलं. आता दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारा, आणि डॉक्टरकडे पाठवा."

तास सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं. दार लोटलं.

"काढू नका, मॅडम. मी रोज आंघोळ करून येते." त्यांनी काही विचारलंही नव्हतं, माझ्याच तोंडून गेलं.

त्यांनी माझ्यापुढे स्टूल सरकवलं. "पाणी किती पिता?"

"सकाळी एक पेला."

"धुळ्याच्या उन्हात? अहो, पाणी तोडून हे थांबत नाही, उलट जळजळ वाढते." मग लघवी रोखताना जे आत आवळलं जातं ते आवळून पाच मोजायचे आणि सोडायचं, असा व्यायाम त्यांनी समजावला. बसल्या जागी, दिवसातून तीनदा. "उद्या सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंकडे मी येते बरोबर."

"आणि काम?"

"कॅन मुलं उचलतील. बाकी काम तुमचंच."

किती उपकार मानावेत कळेना, नुसते हात जोडले. बाहेर आले तर जिन्यात ती मुलगी उभी. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, मन्ही मायले बी असंच व्हस."

कुणी ऐकत नाही ना, मी वर पाहिलं, खाली पाहिलं. मग पायरीवर बसले, तिला शेजारी बसवलं आणि कुठे आवळायचं, किती मोजायचं, ते तिच्या आईसाठी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना आवाज जरा कमी कापला.