स्वॅप फाइलची जागा

तुमचं नोकरीतलं सगळ्यात मोठं भांडण कशावरून झालं, असं कुणी विचारलं तर मी सांगते: संगणकाच्या एका फाइलवरून. लोक हसतात. हसोत बापडे.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयात दहा वर्षं टायपिंग करून, खात्याची परीक्षा देऊन मी संगणकाच्या मशीनरूममध्ये आले होते. वर्षभर उमेदवारी. साहेबांची सही झाली की कायम, नाही झाली तर परत टायपिंगला. अख्ख्या इमारतीत एसी फक्त आमच्या खोलीला. मे महिन्यात कूलरसमोर घाम पुसणारे बाकीचे लोक काही ना काही निमित्त काढायचे आणि चपला दाराबाहेर ठेवून आमच्याकडे येऊन बसायचे.

मशीनची मेमरी तेव्हा एवढीशी. कामाचा पसारा तिच्यात मावला नाही, की त्यातला तूर्त न लागणारा भाग मशीन डिस्कवरच्या एका फाइलमध्ये नेऊन ठेवायचं आणि लागला की परत आणायचं. ती स्वॅप फाइल. आमच्याकडे ती जुन्या डिस्कवर होती, आणि प्रोग्रॅम, याद्या, सगळं काही त्याच डिस्कवर. ती एकटी बिचारी यादीतलं नाव वाचायला इकडे, की लगेच स्वॅप फाइलसाठी तिकडे. तव्यावरची भाकरी आणि अंगणातला नळ एकाच बाईनं सांभाळावा, तशी तिची धावपळ. डिस्क तेव्हा कपाटाएवढी असायची; त्या कपाटावर हात ठेवला की थरथर कळायची. कर्मचाऱ्यांची जिल्हावार यादी काढायचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. तो सकाळी सुरू केला, की कार्यालय सुटेपर्यंत संपायचा नाही.

आणि शेजारी नवी डिस्क जवळजवळ रिकामी! तिची पूजा झाली होती, नारळ फुटला होता, कपाटावर कुंकवाचं स्वस्तिक होतं, दारावरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं. घरात स्टीलचा नवा डबा आला की आपण तो लेबलासकट फळीवर मांडतो आणि पीठ मात्र जुन्याच पोचे पडलेल्या डब्यात भरतो. सरकारी खातंही शेवटी माणसांचंच.

मी साहेबांकडे गेले. "सर, स्वॅप फाइल नव्या डिस्कवर नेऊ या. काम निम्म्या वेळात होईल."

"नवी डिस्क महत्त्वाच्या फाइलींसाठी आहे," साहेब म्हणाले. "मशीनचं खरकटं तिच्यात टाकायचं नाही. दोष तुमच्या प्रोग्रॅममध्ये आहे, बाई. आठवड्यात सुधारा, नाहीतर टायपिंगला परत जा."

खरकटं! आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. काय कुठल्या भांड्यात चालतं आणि कुठल्यात चालत नाही, हे आमच्या आजोबांनी आम्हा सगळ्यांच्या वाटचं ऐकून ठेवलं होतं. साहेबांच्या मनात तसलं काही होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. माझं डोकं मात्र सणकलं.

उमरेडहून रोज एसटीनं येणारे आमचे सीनियर ऑपरेटर म्हणजे भला माणूस. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "काहून डोकं लावून राहिली वं तू? सायबाले तिथं पाह्यजे तं राहू दे ना तिथंच. तुले सही पाह्यजे का मशीन?"

"मले दोन्ही पाह्यजे, भाऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब केबिनमध्ये असतानाच मी मशीन बंद केलं. चोरून मला काही करायचं नव्हतं. स्वॅप फाइल नव्या डिस्कवर नेली, मशीन पुन्हा सुरू केलं आणि मशीनच्या रजिस्टरमध्ये लिहिलं: "स्वॅप फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवली आहे. जबाबदारी माझी." खाली पूर्ण सही ठोकली. यादी जेवणाच्या सुट्टीआधी छापून झाली. भाऊंनी उघडायला घेतलेला डबा तसाच ठेवला, प्रिंटरपाशी जाऊन शेवटचं पान दोनदा पाहिलं.

साहेब आले. रजिस्टर वाचलं. यादीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "फाइल जुन्या जागी ठेवा. मग तुमच्या कागदावर सही करतो."

टायपिंगची ती खोली डोळ्यांपुढे आली. फाइल परत ठेवायला दहा मिनिटं पुरली असती.

"सही राहू द्या, सर," मी म्हटलं. "पण परत ठेवा असा हुकूम इथं, माझ्या सहीखाली लिहून द्या. आत्ता ठेवते."

मी पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही. लिहिलं असतं तर यादीला उशीर का होतो, याचं उत्तर पुढं त्यांनाच द्यावं लागलं असतं. रजिस्टर मिटून ते निघून गेले. टायपिंगला काही त्यांनी मला पाठवलं नाही, यादी वेळेवर निघायला लागली होती ना! पण माझी उमेदवारी सहा महिन्यांनी वाढवली.

तो मुदतवाढीचा कागद हातात पडला त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती विड्या वळत बसली होती. डिस्क म्हणजे काय, हे तिनं विचारलं नाही.

"मंग लिहून देलं का त्यानं?"

"नाही."

"लिहून देलं नाही, तं तू काहून वापस ठेवशीन?" म्हणाली, आणि पुढचं पान कातरायला घेतलं.

सहा महिन्यांनी मी कायम झाले. तेवढ्या काळात माझ्यामागून आलेला एक जण कायम होऊन माझ्या वर गेला होता आणि मी निवृत्त होईपर्यंत वरच राहिला. त्याचा मला राग आहे, आजही आहे, आणि तो मी गिळणार नाही. पण मशीन भंगारात निघालं त्या दिवशीसुद्धा स्वॅप फाइल मी ठेवली होती तिथेच होती.