सुनीलची तुकडी टेकडीवर पोचली नव्हती

"फ्लेक्स लागलाय, पाहुणे भिगवणपर्यंत आलेत, आणि तुम्ही हे आता सांगताय?" हेडमास्तर डाफरले.

चूक माझीच होती. शाळेच्या नव्या वाचनालयाला आमच्या माजी विद्यार्थ्याचं, सुनीलचं नाव द्यायचं होतं. सुनील सैन्यात होता, सरहद्दीवरच्या लढाईत गेला. मी इतिहास शिकवते, म्हणून मानपत्र माझ्याकडे आलं. आमच्या लासुर्ण्यात सगळे म्हणतात तेच मी लिहिलं, 'शत्रूची टेकडी जिंकणारा वीर'. फ्लेक्सवरही तेच छापलं. त्याच्या पलटणीतल्या निवृत्त सुभेदारांना फोन केला तो थेट कार्यक्रमाच्या सकाळी. ते म्हणाले, "मॅडम, सुनील वर पोचलाच नाही. त्याची तुकडी समोरच्या उतारावर होती. टेकडी दुसऱ्या तुकडीनं घेतली, मागच्या कड्यावरून."

"आहे तेच वाचा," हेडमास्तर म्हणाले. "कोण तपासायला जातंय?"

मी काही बोलणार तोच दारात तात्या दिसले. सुनीलचे वडील. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी हातात. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बाई, मला ठावं हाय. त्येच्या दोस्तानं मागंच सांगितलं. मी गावात कुणाला बोललो न्हाय," ते म्हणाले. "पर तुमी शिकल्याल्या हाय. टेकडी दुसऱ्यांनी घेतली, मग माजं पोरगं कशापायी गेलं?"

मी वर्गात सांगते तेच सांगायला लागले. त्या टेकडीवरून खालचा रस्ता दिसायचा. त्याच रस्त्यानं पुढच्या सैन्याचं रेशन जायचं, दारूगोळा जायचा, जखमी परत यायचे. याला सप्लाय लाइन म्हणतात. शत्रू वर बसून एकेक ट्रक टिपत होता. रस्ता बंद पडला असता, तर पुढची सगळी ठाणी सोडावी लागली असती. त्या एका टेकडीवर अख्खं युद्ध अडलं होतं.

"त्ये कळतंय वो. आमी टेलचं लोक." तात्यांचं शेत कालव्याच्या चारीच्या अगदी शेवटी आहे. वरच्या एका गेटवर पाणी अडलं, की खालचा सगळा ऊस वाळतो. "पर ह्यात सुन्या कुठं हाय?"

मी सुभेदारांना पुन्हा फोन लावला, तात्या समोर असल्याचं सांगितलं आणि स्पीकर सुरू केला. बाहेर पाहुण्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला. हेडमास्तर दाराकडे गेले आणि तिथंच थांबले.

"सुनीलच्या तुकडीला हुकूम होता, समोरून फायरिंग चालू ठेवायचं," सुभेदार सांगू लागले. "शत्रूच्या सगळ्या मशीनगन त्यांच्याकडे वळल्या. माणसं पडत होती, पण ते मागं हटले नाहीत. ते हटले असते तर गन कड्याकडे फिरल्या असत्या, आणि आमच्यातला एकही वर पोचला नसता. मी त्या कड्यावर होतो, तात्या."

लष्करात याला डायव्हर्जन म्हणतात. शत्रूचं लक्ष आपल्यावर ओढून घ्यायचं.

तात्या फोनकडे वाकले.

"म्हंजी, आमी वरच्या गेटवर पाटकऱ्यासंगं भांडत बसायचो, तवर आमचीच मानसं खालचं दार उचलायची, तसं?"

पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारा सरकारी माणूस. "तसंच, तात्या," मी म्हणाले.

"भांडायला मीच असायचो, बाई. सुन्या माज्या शेजारी हुबा असायचा." ते हसले, आणि मग त्यांना रडू आवरेना. मलाही आवरलं नाही.

हेडमास्तरांनी माझ्या हातातलं मानपत्र घेतलं, खिशातलं पेन काढलं आणि ती ओळ खोडली. मोकळ्या जागेत मी उभ्या उभ्या खरं ते लिहिलं आणि स्टेजवर वाचलं. फ्लेक्स मात्र मागं तसाच होता. तात्यांनी माइक मागून घेतला.

"मागं लिवलंय त्ये खोटं हाय. माजं पोरगं वर चढलं न्हाय. त्येनं दुसऱ्यांना चढू दिलं."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळे उभे राहिले.

फ्लेक्स दुपारीच उतरला. लिहिण्याआधी फोन करावा, एवढं मी शिकले. पेपरात 'लढाई कोणी जिंकली?' हा प्रश्न अजूनही काढते, पण आता उत्तराला एका नावापुरती जागा सोडत नाही. चांगल्या चार ओळी सोडते.