कमी पडलेला व्होल्टेज

लग्नांचे व्हिडिओ कापून-जोडून देणं हे माझं काम. भांडुपच्या घरात कपाट आणि खिडकीच्या मधे माझा कॉम्प्युटर. तो जुना झाला होता आणि मला घाई फार. म्हणून त्याचा प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉक करायचा, हे मी मनावर घेतलं. वेग वाढवला की व्होल्टेजही थोडा वाढवावा लागतो. किती, इथेच खरी मेख. जास्त दिला तर चिप मरते, कमी दिला तर मशीन बंद पडतं. मला एवढंच माहीत होतं.

गिरणी बंद पडल्यावर बाबांनी विक्रोळीत विजेच्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे तारा गुंडाळण्याचं काम, करण्यात वर्षं काढलेली. मागे उभे राहून म्हणाले, "करंट जास्ती दिव नको गो, जळतला." मलाही तीच धास्ती. माझ्या प्रोसेसरला त्या वेगाला जाणकार १.३ व्होल्ट सुचवत होते, मी १.२ वर अडून बसले. या वेगाला मशीन टिकतं का याची चाचणी तासन्‌तास चालवा, असं सगळे बजावत होते. मी दहा मिनिटं चालवली. मशीन बंद पडलं नाही, तापलं नाही. म्हटलं झकास, आणि कामाला लागले. अतिशहाणी, दुसरं काय!

पुढच्याच महिन्यात बाबांच्या घशाचा कॅन्सर कळला. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. आमच्याकडे गणपतीपुढे गाऱ्हाणं बाबाच घालत. घरातल्या एकेकासाठी ते देवाकडे मागत आणि प्रत्येक मागणीला आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत असू. ऑपरेशनआधी त्यांनी ते माझ्या फोनवर म्हणून ठेवलं. घसा दुखत असताना तीनदा म्हणाले, मनासारखं होईपर्यंत. "दरवर्षी लाव," म्हणाले. मग हॉस्पिटलच्या कागदांच्या फोटोंनी फोन भरला. मी रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेतलं, झिप करून ठेवलं आणि मूळ फाइल फोनवरून, कॉम्प्युटरवरूनही पुसून टाकली.

गणपतीच्या आदल्या दिवशी झिप उघडेना. फाइल खराब आहे, एवढंच येत राहिलं. तसाच कॉम्प्युटर उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने व्होल्टेज बघितला आणि म्हणाला, "ताई, कमी पडला की मशीन बंदच पडतं असं नाय ना. कधी चालू राहतं आणि चुकीचं लिहितं. ओरिजिनल आहे ना?"

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. भित्रेपणा केला आणि त्याला काळजी म्हणत राहिले.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ऑपरेशननंतर ते पाटीवर लिहूनच बोलत. त्यांनी लिहिलं, 'दुसरी कॉपी?' मी नाही म्हटलं. त्यांनी पाटी पुसली आणि आईबरोबर मखराची फुलं लावायला गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर ते हात जोडून पुढे झाले. ओठ हलायला लागले. आवाज नव्हता, गळ्याच्या भोकातून नुसती हवा येत होती. कोणासाठी काय मागतायत, काही कळेना. ते थांबले की आई आणि मी अंदाजाने "व्हय म्हाराजा" म्हणायचो.

एकदा ते फक्त श्वास घ्यायला थांबले होते आणि मी म्हणून गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा हात जोडले आणि ती मागणी पहिल्यापासून सुरू केली.