उईलीचा डावा हात

उईलीचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. पन्नाशी उलटली, नातवंडं झाली, तरी दुखतं. लपवायचं कशाला?

गावात बॉक्सिंग आधी शिकलो मी. पहाटे वाळूत धावायचो मी, नीरफणसाच्या झाडाला टांगलेलं पोतं बडवायचो मी. उईली उशिरा यायचा, भाजलेल्या अळकुडीचा तुकडा चघळत. ग्लोव्ह चढवायचा, आणि त्याचा डावा हात कुठून आला हे कळायच्या आत मी वाळूत बसलेला असायचो. पोरी खिदळायच्या. त्यात लोसाही असायची, जिच्याशी पुढे मी लग्न केलं.

परदेशातल्या मोठ्या स्पर्धेला सामोआच्या संघातून आमच्या वजनाचा एकच जण जाणार होता. अर्थात उईली. विमानाला आठवडा उरला आणि पठ्ठ्याने शेजारच्या गावच्या बसवाल्याचा भर रस्त्यात जबडा मोडला. दुसऱ्या पहाटे त्याचा म्हातारा बाप बारीक विणीची चटई डोक्यावरून पांघरून त्या बसवाल्याच्या दारात बसला. मागे सगळं घर, माना खाली. आमच्याकडं माफी अशीच मागतात: मारा, नाहीतर माफ करा. ऊन चढल्यावर बसवाल्याच्या भावाने चटई उचलली. माफी मिळाली. बाप उठला आणि उईलीला म्हणाला, "आता या हातानं नारळ सोल." उईलीने पुन्हा ग्लोव्हला हात लावला नाही.

त्याच्या जागी मी गेलो. नाक मोडून घेतलं, पण ब्राँझ आणलं. गावाने डुकरं भाजली, गाणी म्हटली. आणि पहिल्याच घासाला एक म्हातारा बोललाच, "उईली गेला असता तर सोनं आणलं असतं!" तेव्हापासून हेच चाललंय. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय!

यंदा चर्चमागे पोरांसाठी बॉक्सिंगची शेड उभी राहिली. नाव कोणाचं द्यायचं ते गावच्या प्रमुखांच्या बैठकीत ठरणार होतं. मी पदक घासूनपुसून गळ्यात घालून गेलो. ठरलं उईलीचं.

"निदान दोघांचं तरी द्या," मी म्हणालो.

"तुझ्याकडं पदक आहे की, इओसेफा," थोरले प्रमुख म्हणाले. "त्या बिचाऱ्याकडं काय आहे?"

उद्घाटनाला उईलीला बोलायला उभं केलं. पोट सुटलेलं, केस गेलेले.

"खरं सांगू का? त्या बसवाल्याला मी मुद्दाम मारलं," तो म्हणाला. "घाबरलो होतो. तिकडं जाऊन हरलो तर काय, याचीच भीती. त्यापायी बापाला चटईखाली बसवलं. हा इओसेफा घाबरला नाही. पाटी याच्या नावाची लावा."

माझा जीव कानात गोळा झाला. जन्मभर हेच ऐकायचं होतं मला, आणि तेही त्याच्याच तोंडून, सगळ्या गावासमोर.

मग एकच हशा पिकला. "बघा, बघा! एवढा मोठा बॉक्सर, पण गर्व म्हणून नाही!" थोरले प्रमुख ओरडले. "अहो, खरंच सांगतोय!" उईली काकुळतीला आला. टाळ्या आणखी वाढल्या.

मी लोसाकडे वळलो. "ऐकलंस ना? तो स्वतः म्हणाला."

"ऐकलं हो," लोसा डोळे पुसत म्हणाली. "किती मोठ्या मनाचा माणूस! तुम्हाला जमलं असतं का असं बोलायला?"