आदी टोप दावा

“बाईला मागनं बगते. आदी टोप दावा.”

दारात चपला काढता काढता त्या हे म्हणायच्या आणि कोणी ‘या, बसा’ म्हणायच्या आत स्वयंपाकघरात शिरायच्या. मग ओट्यावरच्या टोपाचं झाकण दोन बोटांनी उचलायच्या. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात ना, अगदी तसं. आत डोकवायच्या, आणि मग सावकाश मान वळवून घरातल्या पुरुषाकडे बघायच्या. तुमच्या वस्तीत असं माणूस होऊन गेलं असेल, तर ते बघणं तुम्हाला ठाऊक असेल. बंदरातल्या नोकरीत मी उद्धट साहेब पुष्कळ पाहिले. पण त्या नजरेपुढे ते सगळे म्हणजे सत्यनारायणाला बसलेले यजमान!

गोष्ट नव्वदीच्या दशकातली, जुईनगरची. त्या आमच्या भागातल्या आरोग्य केंद्राच्या नर्स. मूळच्या उरणकडच्या. नाव कुणी घेत नसे, नुसतं सिस्टर. गरोदर आणि बाळंत बायकांना घरी जाऊन तपासायचं, हे त्यांचं काम. वजन, बीपी, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन हे सगळं त्या करायच्या, पण टोपानंतर. सकाळी लवकर कधी यायच्या नाहीत. बरोबर दुपारी दीडला यायच्या. म्हणजे पुरुष जेवून ढेकर देत असतात आणि बायकांची पानं अजून मांडायची असतात, नेमक्या त्या वेळी.

मी तेव्हा न्हावा शेव्याला कंटेनर मोजायच्या कामावर होतो. बायकोला सातवा महिना लागलेला. बाळंतपणासाठी साताऱ्याहून आई आली होती. बुधवारी माझी सुट्टी असायची. अशाच एका बुधवारी मी पोटभर जेवून पाटावर तसाच बसलो होतो आणि सिस्टर आल्या.

टोपाचं झाकण वर गेलं. आत बांगड्याचा रस्सा होता. म्हणजे रस्साच होता. बांगडा म्हणाल तर एक शेपूट.

“हे कोनाचं?”

“माजं अन् सूनबाईचं,” आई म्हणाली. “आमी मागनं बसतो. आमच्यात तशीच रीत हाय.”

“अन् बांगडे?”

सांगायची गरजच नव्हती. बांगड्यांचे काटे मी माझ्या ताटाच्या कडेला ओळीनं लावून ठेवले होते.

“साहेब काय काम करतात?”

“न्हावा शेव्याला कंटेनर मोजतो,” मी जरा छाती काढून म्हणालो. “आजवर एक डबा चुकला नाही.”

“वा! हजार डबे मोजतो, अन् बायकोच्या ताटातली भाकरी मोजता येत नाय.”

“मी जेवते की पोटभर,” बायको हळूच म्हणाली.

“तू गप, बाय.” सिस्टरनी तिची खालची पापणी बोटानं ओढली आणि मला जवळ बोलावलं. “बगा. आतून कशी पांडरी हाय. तपासनीच्या कागदावर रक्त आट आलंय. बाळंतपनात असल्या बाईचं जरा जास्त रक्त गेलं, तर ती हातची जाते. दोन म्हैने हायेत. गोळ्या मी देते. बाकीचं औषद या टोपात हाय, ते तुमी खाऊन बसलाव.”

मग हुकूम सुटला. “आजपासनं ही पयली जेवनार. साहेब शेवटी.”

आई उसळली. “आवं, त्यो कामाचा मानूस!”

“मंग ही काय झोपाळ्यावर बसलीय? ही दोन जीव चालवते. याला एकच चालवायचाय, तो बी बसून.”

त्या दिवसापासून माझी जी दशा झाली, ती काय वर्णावी! तिसऱ्या दिवशी मला शोध लागला की भाजीच्या टोपाला तळ असतो. लग्नाला तीन वर्षं झाली होती. तोवर माझी समजूत अशी की भाजी विहिरीसारखी असते, काढाल तेवढी आहेच. अर्धी भाकरी आणि खरवडून काढलेली मटकी समोर ठेवून मी असा बसायचो, जसा काही वनवासाला निघालेला राजपुत्र. आणि गंमत बघा, हेच ताट तीन वर्षं रोज माझ्या बायकोपुढे येत होतं, तेव्हा मला त्यात वनवास बिनवास काही दिसला नव्हता.

तिला मात्र पहिल्यांदा बसून घास उतरेना. सासू उभी, नवरा उपाशी, आणि आपण जेवायचं! पहिले आठ दिवस ती भिंतीकडे तोंड करून जेवली.

आमच्या शेजारच्या नवऱ्याची तऱ्हा आणखी निराळी. त्याची बायको पाचव्या महिन्यातही त्याच्यासाठी आठवड्यात तीन उपास करायची आणि तो ते आम्हाला अभिमानानं सांगायचा. सिस्टरनी त्याला विचारलं, “उपासाचं फळ कोनाला?” तो म्हणाला, “मला.” “मंग कर तूच!” त्यानं एक सोमवार केला. संध्याकाळी वडापावच्या गाडीमागे लपून खाताना आम्ही त्याला पकडला. असे आम्ही एकेक नवरे! आम्हाला झाकणासारखं दोन बोटांनी उचललं असतं, तरी तो आमचा मानच झाला असता.

पण आईचं काळीज कुठलं गप्प बसतंय? पाण्याच्या पिंपामागे उपडी वाटी, वाटीखाली उकडलेली दोन अंडी, माझ्यासाठी. सिस्टर आल्या त्या सरळ पिंपाकडेच गेल्या. आयुष्यभर सासवांच्या स्वयंपाकघरात हिंडलेली बाई ती. वाटी उलटी केली.

“हे मांजरासाठी?”

आई छताकडे बघायला लागली.

“मांजर मिशीवालं दिसतंय,” सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या. दोन्ही अंडी त्यांनी बायकोच्या हातात दिली आणि दुसरं संपेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

नववा महिना लागला तेव्हा रक्त साडेदहावर आलं होतं. आणि बाळंतपणात सिस्टर म्हणाल्या होत्या तेच झालं. रक्त जास्त गेलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, “अंगात होतं म्हणून निभावलं.”

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन मी आरोग्य केंद्रात धावलो. “सिस्टर, मुलगी झाली! दोघी सुखरूप!”

“बाय जेवली?”

मला माहीतच नव्हतं.

तीच नजर! “पेढे घेऊन गाव फिरतोय. जा, आदी तिला खायला घेऊन जा.” पेढ्यांना त्यांनी हातही लावला नाही.

बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा त्या शेवटच्या आल्या. आमची बाळंतीण दूध पाजत होती. सिस्टरनी झाकण उचललं, आत पाहिलं, आणि काही न बोलता ते पुन्हा नीट, आवाज न करता बसवलं. मग पहिल्यांदाच आमच्या घरात त्या खाली टेकल्या आणि पाणी मागितलं. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र त्यांच्याकडे नसावं.

पुढे त्यांची बदली झाली. कुठे, ते कळलं नाही. नव्या सिस्टर आल्या. गोड बोलणाऱ्या, चष्मा लावणाऱ्या. खुर्चीत बसल्या, वही उघडली.

“सूनबाई वेळेवर जेवतात ना, आजी?”

“हो,” आई म्हणाली.

त्यांनी वहीत लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

आईला ते बघवेना. ती उठली, आत गेली आणि पदरानं धरून ओट्यावरचा गरम टोप घेऊन बाहेर आली. तो तिनं नव्या सिस्टरच्या पुढ्यात ठेवला आणि दोन बोटांनी झाकण उचललं.

“तोंडाला काय इचारतीस, बाय? हो काय, कुनीबी म्हनतं. आदी टोप बघ!”

सिस्टर वाकल्या. चष्म्यावर वाफ धरली. आत तीन बांगडे होते, अख्खे.

मी कोपऱ्यात बसून होतो. माझं जेवण अजून व्हायचं होतं.