मॅडिसन बदलला, बर्नार्ड फिरला

वसईची कॅथरीन बहारीनच्या एका शाळेत इतिहास शिकवायची आणि लबाडीची तिला मनस्वी चीड होती. ती लबाडी घरातलीच निघाली तेव्हा काय झालं, ते १९८४ साली तिथल्या माहूज भागातल्या सगळ्या शेजाऱ्यांनी ऐकलं.

नवरा बर्नार्ड वसईकर मंडळाचा अध्यक्ष. चौऱ्याहत्तर साली मंडळ निघालं तेव्हा तोही कामगारांच्या कॅम्पातच राहायचा. कुटुंबाला एक मत, तसंच कॅम्पातल्या प्रत्येक बॅचलरलाही एक, असं छाती ठोकून सांगायचा. मग फॅमिली व्हिसा मिळाला, फ्लॅट आला आणि आता साहेबांनी ठराव आणला: बॅचलरांना मत नाही! बॅचलर म्हणजे कोण, तर ज्याची बायको गावी आहे तो. कॅथरीनचा धाकटा भाऊ पायस तीन लेकरांचा बाप, पण मआमीरच्या कॅम्पात राहतो म्हणून बॅचलर. नाताळचा मांडव घालायला मात्र हेच लागतात, तेव्हा कुणाला व्हिसा आठवत नाही.

त्याच आठवड्यात लेक बेनिटा शाळेतल्या वादविवादाची तयारी करत होती. विषय होता, अमेरिकेचा जुना अध्यक्ष मॅडिसन आपल्या मतांवर ठाम राहिला का? राष्ट्रीय बँकेला त्याने आधी कडाडून विरोध केला आणि पंचवीस वर्षांनी तसल्याच बँकेच्या कायद्यावर सही केली.

"बघ, मोठी माणसंसुद्धा बदलतात," बर्नार्ड खुशीत म्हणाला.

कॅथरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बदलला, पण का ते उघड सांगून! इतकी वर्षं लोकांनी बँक मान्य केलीय, म्हणाला. तो लोकांपुढे नमला. तुम्ही लोकांनाच बाहेर काढताय, आणि वर म्हणता, मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो!"

"ममा, डोन्ट शाउट," बेनिटा म्हणाली.

अदलियाच्या हॉलमधली सभा शुक्रवारी, म्हणजे फ्लॅटवाल्यांच्या सुट्टीच्या दिवशी, पण मुद्दाम कॅम्पवाल्यांची शिफ्ट चालू असताना लावली. पायस तेवढा रात्रपाळी करून तसाच आला. बर्नार्डने ठरावाच्या बाजूने हात वर केला, शेजारच्या कॅथरीनने विरोधात.

सेक्रेटरी लेस्ली गडबडला. "घरटी एकच मत. कुणाचं धरू?"

"माझं. घरचा कर्ता मी आहे."

"मॅडिसनने सही निदान स्वतःच्या नावाने केली," कॅथरीन कडाडली. "तुम्ही माझं मत माझ्याच भावाविरुद्ध वापरताय!"

ठराव मंजूर झाला. निर्लज्जपणे टाळ्याही वाजल्या. पायस उठला आणि सवयीने खुर्च्या आवरायला लागला. कॅथरीनने त्याच्या हातातली खुर्ची हिसकावून बर्नार्डपुढे आपटली.

"हात लावू नकोस, पायस. ज्यांना मत आहे, ते उचलतील."